झेडपीची शाळा की इंग्लिश मीडियम?

ताई पोराच्या पहिलीसाठी यातच अडकलीय. फीचं सोड, झेडपीत ती नाहीच, वर पुस्तकं आणि पोषण आहार. खरा फरक वर्गात. छोट्या झेडपीत दोनच गुरुजी, चार इयत्ता, त्यामुळे पहिलीतलं पोर तिसरीच्या पोरांचे पाढे ऐकून ऐकूनच पाठ करतं, पण गुरुजी मीटिंगला गेले की नुसता धिंगाणा. इंग्लिशवाल्यांकडे शिस्त असते, मात्र घरी इंग्रजी नसेल तर पोर वर्गात गप्पच बसतं आणि मग बाई म्हणतात लक्ष नाही. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय, दोन्हीकडे पटसंख्या मोजूनच ये.

लाजरं पोर असेल तर झेडपी, गल्लीतलेच दोस्त भेटतील. घरी इंग्रजीचा अभ्यास घेणारं कुणी असेल तरच इंग्लिश मीडियम.