अमेरिकेतला पगार: एक्झेम्प्ट बरं की तासावर?

इथे अमेरिकेत आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं एक्झेम्प्ट (तासावर नाही, ठरलेल्या पगारावरची, ओव्हरटाइमच्या नियमातून वगळलेली नोकरी) म्हणजे ओव्हरटाइम नाही, एवढंच. पण त्याच्या बदल्यात पगाराला संरक्षण असतं, आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही.

तासावर असाल तर सरळ हिशोब, जेवढे तास तेवढे पैसे, आणि आठवड्याला ४० तासांच्या वर गेलं की दीडपट.

एक्झेम्प्टला (फेडरल नियमाने आठवड्याला किमान ६८४ डॉलर पगार हवा, कामाचं स्वरूपही बसायला हवं) दिवसात थोडं जरी काम केलं तरी पूर्ण दिवसाचा पगार द्यावाच लागतो. माझ्या बहिणीने सकाळी दोन तास ईमेल्स उरकल्या, मग पोराला ताप आला म्हणून शाळेत पळाली, तर पगाराच्या स्लिपवर सहा तास कापलेले! एचआरला नियम दाखवला तेव्हा कुठे पैसे परत आले. हां, सुट्टीच्या शिल्लकेतून ते तास वजा करता येतात, आणि फॅमिली लीव्हच्या कायद्याखालची बिनपगारी रजा असेल तर पगारही कापता येतो. स्वतःच्या कामासाठी अख्खा दिवस गेलात तर त्या दिवसाचाही कापता येतो.

बर्फामुळे ऑफिसच दोन दिवस बंद ठेवलं तर एक्झेम्प्टवाल्याचे कापता येत नाहीत, तासवाल्याला मात्र फेडरल कायद्याने काही देणं लागत नाही.

घरी लहान मुलं असतील तर मी एक्झेम्प्टच म्हणेन, पण दर आठवड्याला ५५ तास राबवून घेत असतील तर तासाचंच बरं.