पोरांना घेऊन वाळवंटात जायचंय: व्हाइट सँड्स, सग्वारो, जॉशुआ ट्री की डेथ व्हॅली?

मागच्या आठवड्यात मैत्रिणीचा मेसेज आला, डिसेंबरच्या सुट्टीत कुठेतरी ऊन असेल तिथे जायचंय, बर्फाचा कंटाळा आलाय, पोरं दीड आणि पाच वर्षांची, सोबत सासूबाई पण आहेत, व्हिडिओत डेथ व्हॅली फार भारी दिसते तर तिकडेच जाऊ का. तिच्याशी फोनवर तासभर जे बडबडले तेच इथे लिहून काढतेय. आम्ही अमेरिकेतली ही चारही वाळवंटी पार्क्स केलीत, वेगवेगळ्या वर्षी, त्यामुळे माझी मतं आमच्याच दोन पोरांवरून बनलीत हे आधी सांगून ठेवते.

आणि एक सांगते, फोटो बघून पार्क ठरवू नका. आपण व्ह्यू पॉइंटवर उभं राहून आहाहा करत असतो आणि पोरगं खाली बसून खडे गोळा करत असतं, त्याला त्या व्ह्यूशी काही देणंघेणं नसतं. मी आता फक्त तीन गोष्टी बघते: गाडीतून उतरल्यावर मजा किती पावलांवर सुरू होते, बाथरूम आणि सावली कुठे आहे, आणि दुपारी बारा ते तीन आपण काय करणार. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ट्रिपची वाट लागते, सकाळ कितीही छान गेली तरी.

दोन ते सात वर्षांची पोरं असतील तर माझ्या मते व्हाइट सँड्ससारखं दुसरं काही नाही. न्यू मेक्सिकोत आहे, २०१९ च्या डिसेंबरात नॅशनल पार्क झालं. इथली वाळू म्हणजे जिप्सम, ज्याचं प्लास्टर ऑफ पॅरिस करतात तेच, पांढरीशुभ्र असल्यामुळे ऊन परतवून लावते आणि तापत नाही, अनवाणी पळलं तरी पाय पोळत नाहीत. टेकाडांचा पसारा २७५ चौरस मैलांचा. आठ मैलांचा रस्ता आत जातो, टेकाडाच्या पायथ्याशी गाडी लावायची, डिक्की उघडायची, झालं, मजा सुरू. प्लास्टिकच्या थाळीसारखी स्लेड असते तिच्यावर बसून घसरायचं, व्हिजिटर सेंटरच्या दुकानात मिळते, खालून मेण नीट घासा नाहीतर जागची हलत नाही. पायथ्याशी पार्किंग किंवा रस्ता येत नाही ना तेवढं बघून टेकाड निवडा. आमची धाकटी तेव्हा साडेतीनची होती, अडीच तास वर चढ खाली घसर वर चढ खाली घसर, आणि मग गाडीत बसल्या बसल्या जी झोपली ती थेट हॉटेलात उठली.

स्ट्रोलर असेल तर इंटरड्यून बोर्डवॉक आहे, जाऊन येऊन ०.४ मैल. पिकनिकच्या जागी टेबलांवर छप्पर केलेलं आहे, त्याशिवाय सावली नाही म्हणजे नाही. पाणी फक्त व्हिजिटर सेंटरला. आणि पांढऱ्या वाळूमुळे ऊन खालूनही लागतं, हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूला पण सनस्क्रीन लावा, पोरांना गॉगल घाला (काढून फेकतील, परत घाला).

खरी भीती तिथे चुकण्याची आहे. दोन टेकाडं ओलांडली की गाडी दिसत नाही, सगळीकडे एकच रंग, आणि वाऱ्याने पावलांचे ठसे पण पुसले जातात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अल्कली फ्लॅटच्या पाच मैलांच्या ट्रेलवर एक फ्रेंच जोडपं उन्हाने गेलं, सोबतचा नऊ वर्षांचा मुलगा वाचला. पोरांबरोबर त्या ट्रेलवर जायचंच नाही, गाडी दिसेल अशाच टेकाडावर खेळायचं, बास.

दोन गोष्टी लोकांना तिथे पोचल्यावर कळतात. भोवती मिसाइल रेंज आहे, टेस्ट असली की पार्क आणि हायवे ७० काही तास बंद ठेवतात, आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर बघून घ्या. आणि पार्कातून लास क्रूसेसकडे परत येताना त्याच हायवेवर बॉर्डर पेट्रोलचा चेकपॉइंट लागतो, तिथे विचारतात, तर व्हिसावर असाल तर सगळ्यांचे पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत आल्याच्या नोंदीचा कागद) गाडीत हाताशी ठेवा, हॉटेलच्या बॅगेत नको. सासूबाईंचा पण.

आता जे मला फार आवडलं ते सांगते. व्हाइट सँड्सच्या जुन्या तलावाच्या चिखलात दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा पावलांचा एक माग सापडलाय, दीड किलोमीटर लांब, कोणीतरी, बहुतेक एक बाई, लहान मुलाला कडेवर घेऊन भराभर चालत गेलेली. मधेमधे छोट्या पावलांचे ठसे उमटलेत, म्हणजे हात भरून आल्यावर मुलाला खाली उतरवलेलं. परतीच्या मागात छोटे ठसे नाहीत. हे मी धाकटीला सांगितलं तर म्हणे, मग मला पण उचल.

सग्वारो एकदम वेगळं. (लिहितात सग्वारो, तिथली माणसं सवारो म्हणतात.) ॲरिझोनात टूसॉनच्या दोन्ही अंगांना या पार्कचे दोन तुकडे आहेत आणि मधे आख्खं शहर, आणि हाच याचा सगळ्यात मोठा फायदा. पूल असलेलं हॉटेल, ग्रोसरी, फार्मसी, अर्जंट केअर, सगळं शहरात, म्हणजे दुपारचा प्रश्न सुटलेलाच, सकाळी पार्क, मग हॉटेलात झोप, संध्याकाळी परत पार्क. पश्चिमेकडे डेझर्ट डिस्कव्हरी ट्रेल अर्धा मैल आणि पूर्वेकडे डेझर्ट इकॉलॉजी ट्रेल पाव मैल, दोन्ही पक्क्या वाटा, स्ट्रोलर, व्हीलचेअर, गुडघे दुखणारी आजी, सगळं चालतं. पूर्वेकडे आठ मैलांचा डांबरी लूप पण आहे, पोरं झोपली तर नुसती गाडी फिरवा.

सग्वारो म्हणजे इथले उंच निवडुंग, ते मात्र पोरांना खरंच आवडतात, कारण ते माणसांसारखे हात वर करून उभे असतात. पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो आणि पहिला हात फुटायला पन्नास-पंच्याहत्तर वर्षं लागतात हे मोठ्याला सांगितल्यावर तो प्रत्येक सग्वारोचं वय काढत बसला, अर्धा तास तसाच गेला. पार्कच्या पश्चिम भागाला लागून ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे, नाव म्युझियम पण बराचसा झू आणि बाग, एक सकाळ त्याला ठेवाच. वाईट गोष्ट एकच, इथे मनसोक्त धावता येत नाही. सगळीकडे काटे, आणि चोया नावाचा जो प्रकार आहे त्याचे गोळे जरा धक्का लागला की अंगाला चिकटतात, धाकटीच्या बुटाला चिकटला होता तेव्हा ती काढायला हात घालणार तेवढ्यात नवऱ्याने पकडली. हाताने काढायचा नाही, कंगवा मधे घालून एका झटक्यात उडवायचा आणि उरलेले काटे चिमट्याने.

जॉशुआ ट्री हे पाचच्या पुढच्या पोरांचं. मोठमोठे खरबरीत दगड एकावर एक रचल्यासारखे आणि पोरं त्यावर माकडासारखी चढतात, हिडन व्हॅलीचा एक मैलाचा लूप तर दगडांच्या भिंतींच्या आत आहे, किल्ल्यात शिरल्यासारखं वाटतं. कॅप रॉकचा ०.४ मैलाचा लूप सोपा, स्ट्रोलर जातो. लॉस एंजेलिसहून दोन-अडीच तासांत पोचता. पण आत पाणी नाही, खायला काही मिळत नाही, मोबाइलला रेंज नाही, खड्ड्याची टॉयलेट्स, आणि दुपारी आराम करायला बाहेरच्या गावात परत जायचं म्हणजे जाऊन येऊन तास-दीड तास सहज. दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर ते दगडावर चढायला बघणार आणि तुम्ही दिवसभर त्याचा हात धरून वाकलेले. गुडघे खरचटणार हे गृहीत धरा. लाँग वीकेंडला पश्चिमेच्या गेटवर गाड्यांची रांग लागते, मागे बसलेल्यांना शू तिथेच येते. रात्रीचं आकाश मात्र काय सांगू, डार्क स्काय पार्क आहे, आकाशगंगा दिसते, पण त्यासाठी पोरं जागी राहिली पाहिजेत आणि नोव्हेंबरनंतर रात्री चांगलंच गारठतं.

आणि डेथ व्हॅली. मला स्वतःला चारांत हेच सगळ्यात जास्त आवडलं, पण लहान पोरं असणाऱ्याला मी हे सगळ्यात शेवटच्या नंबरवर ठेवेन. अलास्का सोडून अमेरिकेतलं सगळ्यात मोठं नॅशनल पार्क, चौतीस लाख एकर, म्हणजे प्रत्येक गोष्ट गाडीने. लास व्हेगासहून दोन तास आत यायचं, मग फर्नेस क्रीक या आतल्या मुक्कामाच्या जागेहून बॅडवॉटर १७ मैल, वाळूची टेकाडं उलट्या दिशेला २५ मैल, आणि दर वेळी कार सीटचे पट्टे लाव, काढ, लाव, काढ. झॅब्रिस्की पॉइंट छोटी पक्की चढण, पाच मिनिटांत पोरं विचारतात, आता? बॅडवॉटरला समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली मिठाचं मैदान आहे, ते आवडतं, आमच्या दोघांनी वाकून चाटून पाहिलं. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते. उन्हाळ्यात पोरांना घेऊन अजिबात नाही, १९१३ च्या जुलैत फर्नेस क्रीकला १३४ फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सियस नोंदलं गेलंय, आणि आजही जुलैतलं नेहमीचं दुपारचं तापमान ११५ च्या पुढेच असतं. गेलात तर राहायचं आतच, फर्नेस क्रीकच्या रँचला कोमट झऱ्याच्या पाण्याचा पूल आहे, दुपार तिथे निघते. खोल्या महाग आणि लवकर भरतात.

तिकीट बघून ठरवण्यासारखा फरक नाही, सग्वारो आणि व्हाइट सँड्स गाडीमागे २५ डॉलर, बाकी दोन ३०, सात दिवस चालतं. ज्युनियर रेंजरची पुस्तिका चारही ठिकाणी फुकट, दोन-चार पानं रंगवली आणि रेंजरसमोर शपथ घेतली की बॅज मिळतो, तीन वर्षांच्या पोराला पण.

पाणी माणशी रोज एक गॅलन धरतात, म्हणजे पावणेचार लिटर, मी त्यावर एक गॅलन गाडीत जादा ठेवते. पोरं आपल्यापेक्षा लवकर तापतात आणि तहान लागलीय हे सांगत नाहीत, चिडचिड करतात, त्यामुळे मी दर वीस मिनिटांनी विचारत नाही, सरळ बाटली तोंडाला लावते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नको, त्याला सावलीच हवी, मग सग्वारो सोडून बाकी तिन्ही अवघडच. आणि पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बाळ असेल तर मधेमधे उतरवून बघा, आपण चालत असल्याने आपल्याला गरम होतं पण ते थंडीत नुसतं बसून गारठतं आणि उन्हात आपल्या पाठीच्या उष्णतेने अजून तापतं.

मैत्रिणीने शेवटी टूसॉन बुक केलंय, पाच रात्री. व्हाइट सँड्स तिथून गाडीने पाच तासांच्या आसपास, ते यात जोडू का असं तिने विचारलं तर मी नाही म्हटलं, धाकटा स्वतःच्या पायांनी टेकाड चढायला लागला की जा. कंगवा तेवढा आत्ताच बॅगेत टाकायला सांगितलाय.