जुन्या स्कूल बसची भटकंतीची गाडी: अख्खा पावसाळा आणि नऊ महिने वापरल्यानंतर

गाडी ठाण्याची. शाळेच्या कामातून निघालेली २६ आसनी मिडी बस, ८.२५-१६ ची सहा चाकं, एअर ब्रेक, आत उभं राहायला जेमतेम पावणेसहा फूट. तिची आत राहता-झोपता येईल अशी भटकंतीची गाडी करण्याचं काम मे अखेरीस पुरं झालं. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत माळशेज, भंडारदरा, जुन्नर आणि मुरूडच्या फेऱ्या धरून साधारण सहा हजार किलोमीटर झाले. बिछाना, कपाटं, सोलर हे सगळं नंतरही बदलता येतं. पत्र्यात मुरलेलं पाणी काढायचं तर पुन्हा सगळं उचकटावं लागतं. म्हणून आधी सांगाड्याचंच सांगतो.

आत तेरा बाकडी होती, प्रत्येकाला चार बोल्ट, म्हणजे फरशीला ५२ भोकं. बोल्टांची डोकी गंजून गोल झालेली असतात. पान्याशी झटापट करू नका, खालून ग्राइंडरने नट कापा. मग रबरी मॅट आणि तिच्याखालचा प्लाय पूर्ण काढा, तो वरून कितीही चांगला दिसला तरी. वर्षानुवर्षं ओले रेनकोट आणि रोजची पुसापुशी यांचं पाणी मॅटखाली जाऊन बसतं आणि प्लाय खालून काळा पडतो. उघड्या पत्र्यावर हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बदबद आला तर स्क्रू ड्रायव्हर टोचा, बहुतेक वेळा आरपार जातो. आधी चार जागा बघा: फुटबोर्डाची पायरी, मागच्या चाकांच्या कमानी, खिडक्यांखालची पट्टी आणि मागच्या आणीबाणीच्या दाराचा उंबरा. आमच्या गाडीत तीन आडव्या पट्ट्यांची टोकं कापून नवी जोडावी लागली. लोखंड कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून आणलं, वेल्डिंग तळोज्याला.

गंज वायर ब्रशच्या चाकाने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा, उरलेल्या खड्ड्यांत रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज पुढे वाढू न देणारं रसायन), मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि त्यावर रंग. खालून डांबरी अंडरकोट सगळ्यात शेवटी. गॅरेजमध्ये बऱ्याचदा गंजावर सरळ अंडरकोट मारून देतात. तो दिसतो छान, पण सुटलेल्या गंजाच्या मागे पाणी अडकतं आणि पत्रा आतून गंजत जातो. हे काम होताना समोर उभं राहावं.

आता त्या ५२ भोकांचं. प्रत्येकात पॉलियुरेथेन सीलंट, रुंद वॉशर आणि स्टेनलेसचा बोल्ट असं वरून बसवलं होतं. ऑक्टोबरमध्ये फरशीचे तीन तुकडे उचलून पाहिले. ४९ भोकं कोरडी होती. तीन ओली निघाली, तिन्ही मागच्या कमानीजवळची. तिथे पाणी वरून येत नाही, चाकाचा फवारा खालून दाबाने मारतो. त्यामुळे कमानीच्या दोन फूट परिसरात सीलंट खालूनही लावा. सिलिकॉन वापरू नका, त्यावर रंग धरत नाही आणि हलत्या पत्र्यावरून तो लवकर सुटतो.

गळतीची तपासणी साध्या बागेच्या पाइपने होते. खालून सुरुवात करून वर जायचं, एकेका भागावर दहा मिनिटं, आत एक जण टॉर्च घेऊन. वरून सुरू केलंत तर पाणी ओघळून सगळीकडे पसरतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. छतापेक्षा खिडक्यांनी जास्त त्रास दिला. सरकत्या काचांच्या खालच्या चॅनलमध्ये पाणी बाहेर पडायला बारीक भोकं असतात. ती धूळ आणि शेवाळाने बुजतात, चॅनल भरतं आणि पाणी आत उतू जातं. जूनच्या आधी आणि पावसात दर पंधरा दिवसांनी तार घालून ती मोकळी करायची. बारापैकी सहा खिडक्या १.२ मिमी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याने बंद केल्या. उरलेल्या सहांवरचे आडवे गज मुद्दाम ठेवले, रात्री काच उघडी ठेवून निर्धास्त झोपता येतं. आणीबाणीचं दार मात्र कोणत्याही फर्निचरने अडवू नका. त्याची आतली कडी पलंगावरून हाताला लागली पाहिजे.

इन्सुलेशनच्या बाबतीत परदेशी व्हिडिओ आपल्याला चुकीच्या दिशेने नेतात. तिकडची गाडी बर्फात उबदार राहावी म्हणून बनलेली असते. आपल्याला छपरावरचं ऊन आणि हवेतला दमटपणा सांभाळायचाय. काचलोकर पाणी धरते आणि पत्रा कुजवते. छताच्या कमानींमध्ये १३ मिमी नायट्राइल रबर (पाणी न धरणारा रबरी फोम) पूर्ण चिकटवलं, आतल्या पॅनलपर्यंत वीस मिमी पोकळी ठेवली आणि छप्पर बाहेरून पांढरं केलं. या सगळ्यात सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी निघाला तो पांढरा रंगच. छतात १४ इंची, १२ व्होल्टचा पंखा हवाच. चार जण आत झोपले आणि हवा बाहेर काढली नाही, तर पहाटे खिडकीच्या चौकटीवरून थेंब ओघळतात.

फर्निचरला १२ मिमीचा आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लायच घ्या. पैसे वाचवायला एका कपाटाचा तळ साध्या कमर्शियल प्लायचा केला होता. ऑगस्टमध्ये तो फुगला आणि ड्रॉवर अडकला. कापलेल्या कडांना रंग लावल्याशिवाय मरीन प्लायही बसवू नये.

विजेचा हिशेब असा. ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण अर्धा युनिट, दोन पंखे ०.४, दिवे, फोन आणि लॅपटॉप ०.३, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास. १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत अडीच युनिट मावतात. छतावर ३३० वॅटची दोन पॅनलं आहेत. जानेवारीत ती दिवसाला अडीच युनिट देतात, जुलैत माळशेजच्या ढगात त्याच्या निम्मंसुद्धा कठीण. त्यामुळे आपल्या पावसाळ्यात फक्त सोलरवर विसंबून भागत नाही. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (चालत्या इंजिनच्या विजेवर आतली बॅटरी भरणारा) लावला की तासभर गाडी चालवून ०.४ युनिट मिळतो. घेण्याआधी गाडीच्या बॅटऱ्या बघा. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर गाडी २४ व्होल्टची आहे आणि चार्जरही तसाच लागतो. इंजिनकडून मागे येणारी केबल १६ चौरस मिमीची घ्या. सहा मीटर अंतराला १० चौरस मिमीच्या केबलमध्ये ३० अँपिअरवर साधारण ०.६५ व्होल्ट पडतो, १६ मध्ये तो ०.४ वर येतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा.

गॅसचं थोडक्यात. पाच किलोचा सिलेंडर, आतून हवाबंद आणि बाहेरून उघडणाऱ्या पेटीत, पेटीच्या तळाला भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खालूनच निघून जायला हवा.

वजनाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. १५० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे भरल्यावर दीडशे किलो. आमची आधी डाव्या बाजूला होती. तीन महिन्यांत डावे पाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसले आणि गाडी दोन सेंटीमीटर झुकली. टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या वर मध्यभागी आणल्यावर वळणावरचं डोलणंही कमी झालं. काम संपल्यावर वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलून घ्या.

कागदपत्रांत आडमार्ग शोधू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत बदल करायला आरटीओची मंजुरी लागते, आणि ती पत्रा कापण्याआधी घ्यायची. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, बॉडीवाल्याला ते माहीत आहे का ते पहिल्या भेटीतच विचारा. जुनं परमिट परत करणं, रंगबदल आरसीवर चढवणं, विमा कंपनीला कळवणं ही कामं फर्निचरच्या आधी. शाळेचा पिवळा रंग आणि पाटी तशीच ठेवून फिरलात तर जागोजागी अडवतील, आणि ते बरोबरच आहे.

चालवायला गाडी समजूतदार आहे. लिटरला सात ते आठ किलोमीटर, घाटात त्याहून कमी. पावसाळ्यात ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचं पाणी रोज सकाळी झडपेतून काढा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. स्कूल बस सुट्टीत उभी असते, म्हणून नक्षी नवी दिसते आणि बाजूची भिंत तडकलेली असते.

ही फोर-बाय-फोर नाही. मागचा भाग चाकांच्या पुष्कळ मागे लोंबतो, त्यामुळे ओढा उतरून चढताना मागचा बंपर आधी टेकतो. तिथे दोन लोखंडी रोलर बसवलेत, आता तो खरवडण्याऐवजी सरकतो. कच्च्या रस्त्यावरून डांबरावर आलात की थांबून मागची जोडचाकं बघा. जुन्नरकडच्या वाटेवर दोन टायरच्या मधे मुठीएवढा दगड असा रुतला होता की पहारीने निघेना. बाहेरच्या टायरची हवा कमी करून काढावा लागला. तसाच राहिला असता तर दोन्ही भिंती कापल्या असत्या, किंवा वेगात सुटून मागच्या गाडीच्या काचेवर गेला असता. पहार, दहा टनी जॅक, त्याच्याखाली ठेवायला फूटभर लाकडी फळी आणि बारा व्होल्टचा हवेचा पंप या चार वस्तू दाराजवळच्या पेटीत असतात, सामानाखाली नाही.