आयुष्मान कार्ड काढून देणारं सेवा केंद्र, कोपरखैरणे: दुकानाला ४ स्टार, पुढचं वाचा

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचं आयुष्मान कार्ड (सरकारी योजनेतून हॉस्पिटलात फुकट उपचार मिळायचं कार्ड) काढायला गेलो होतो. दुकान म्हणजे झेरॉक्सचा गाळा, एक कम्प्युटर, एक पंखा, बाहेर ही लाइन. पण पोरगा भला आहे हो. मावशींचा अंगठा काही केल्या लागेना, भांडी घासून घासून रेषाच गेल्यात, आणि आधारला नंबर नवऱ्याचा, तो कधीचा बंद, म्हणजे ओटीपी पण नाही. पोराने ओल्या फडक्याने बोट पुसलं, मग दुसरं, मग तिसरं, शेवटी "मावशी, कॅमेऱ्यात बघा, डोळे मिटा, उघडा" असं चारदा केल्यावर चेहऱ्यावरून केवायसी झालं एकदाचं.

आणि ही तिसरी फेरी बरं का. आधीच्या दोन रेशनकार्डात गेल्या, नाव अजून जालन्याकडे सासऱ्यांच्या कार्डावर, तो १२ अंकी नंबर पुतण्याने व्हॉट्सॅपवर पाठवला तोही अर्धा कापलेला. कार्ड फुकट, पण तीन खाडे झाले आणि एका घरी पैसे कापले, ते कोण देणार?

माझ्या आईचं कार्ड मात्र १० मिनिटांत. ७० च्या वर असलं की ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न विचारत नाहीत, नंबर चालू, अंगठा ठणठणीत. तिची मेडिक्लेम आहेच वर.

महाराष्ट्रात आयुष्मानला जोडलेल्या राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत २०२४ पासून पांढरं रेशनकार्डही चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, कागदावर कुणी सुटत नाही. आता गंमत ऐका. मावशींच्या पित्ताशयात खडे. ज्या हॉस्पिटलात गेलो (नाव नाही घेत) तिथे आरोग्यमित्राच्या (योजनेची मदत करायला हॉस्पिटलात बसवलेला माणूस) टेबलावर नुसता डबा, तो स्वतः तासाभराने आला आणि म्हणाला योजना आहे पण हे ऑपरेशन इथे त्यात बसत नाही. प्रत्येक हॉस्पिटलला सगळ्याच ऑपरेशनची मंजुरी नसते हे तिथे गेल्यावर कळतं, आधी योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर, फोन करून विचारा. सोनोग्राफी, गोळ्या, रिक्षा सगळं खिशातून, कारण अ‍ॅडमिट न होता ओपीडीत दाखवलं तर योजनेत धरत नाहीत.

आता दुसरीकडे पुढच्या महिन्याची तारीख मिळालीय. केंद्रात जायचं तर सकाळी १० च्या आत जा, दुपारी सर्व्हर बसतो, आणि रेशनकार्डाचा फोटो सरळ काढून न्या.