छोट्या युक्त्या, बऱ्याच महिन्यांनंतर: काय टिकलं, काय गळालं

रोजचं जगणं सोपं करणाऱ्या युक्त्यांच्या याद्या वाचायला मजा येते. वाचताना वाटतं, उद्यापासून हे सगळं करायचं. पण त्यातलं पुढे काय उरलं हे सांगायला सहसा कुणी परत येत नाही. म्हणून हा अनुभव. ज्या युक्त्या मी बरेच महिने खरोखर वापरल्या त्यांच्याबद्दलच लिहितेय, नुसत्या आवडलेल्या यात धरलेल्या नाहीत.

माझा कल आधीच सांगते. ज्या युक्तीसाठी रोज नव्याने मन घट्ट करावं लागतं ती माझ्याकडे टिकली नाही. जी आपसूक वाटेत आडवी येते ती टिकली.

बोट दाखवून बोलणं

सगळ्यात उपयोगी ठरलेली युक्ती दिसायला सगळ्यात वेडगळ आहे. घराबाहेर पडताना गॅसकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "गॅस बंद." इस्त्रीकडे बोट, "इस्त्री बंद." दार ओढून कुलपाकडे बोट, "कुलूप लावलं." मनातल्या मनात म्हणून चालत नाही, आवाज निघायला हवा.

ही मूळची जपानी रेल्वेची पद्धत. तिथले चालक सिग्नलकडे बोट करून तो काय दाखवतोय ते मोठ्याने म्हणतात आणि मगच पुढे जातात. १९९४ मध्ये तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने एका साध्या कामावर याची चाचणी घेतली. नुसतं काम करताना शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या. बोट आणि आवाज दोन्ही वापरल्यावर त्या ०.३८ वर आल्या. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतही १९९६ पासून कंडक्टरला फलाटाच्या मध्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवावं लागतं. गाडी नीट जागेवर थांबली आहे हे पाहिल्याशिवाय त्याने दारं उघडायची नाहीत, एवढ्यासाठी.

घरात या युक्तीचा फायदा जरा वेगळा आहे. कुलूप तर आपण लावतोच. पण हात सवयीने काम करतात आणि डोकं तेव्हा भलतीकडेच असतं. मग रस्त्यात आठवायला गेलं की कालचं, परवाचं, त्याच्या आधीचं अशी सगळी कुलपं आठवतात, आजचं नेमकं सापडत नाही. यावर मी एक भर घातली. रोज एखादा जादा शब्द जोडायचा. "कुलूप लावलं, मंगळवार." "कुलूप लावलं, पाऊस." अर्ध्या वाटेत शंका आलीच तर तो शब्द आठवतो आणि विषय संपतो. जिन्यात कुणी भेटलं की थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण लोकांना आपल्याकडे बघायला तितकासा वेळ नसतो.

मात्र एकदाच म्हणायचं. परत फिरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तपासायला लागलात तर उलटंच होतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये लोकांना संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली होती. खूपदा तपासणाऱ्यांची शेवटची आठवण बऱ्यापैकी बरोबर होती, पण तिच्यावरचा त्यांचा भरवसा घसरला, आठवणही पुसट वाटू लागली. तपासल्याशिवाय चैनच पडत नसेल, मागे फिरणं थांबतच नसेल, तर अशा युक्त्यांपेक्षा डॉक्टरांशी बोललेलं बरं.

याच्याच पोटातली एक छोटी गोष्ट. दुसऱ्या खोलीत काही आणायला जाताना त्या वस्तूचं नाव तोंडाने घेत जाते. "कात्री, कात्री." दार ओलांडलं की माणूस विसरतो, असं २०११ मधल्या एका अमेरिकन प्रयोगावरून बरंच गाजलं होतं. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात पुन्हा पाहिलं तेव्हा नुसत्या दाराचा फारसा परिणाम दिसला नाही, डोक्यावर आधीच भार असेल तेव्हा मात्र दिसला. हे मला पटतं. निवांत दिवशी मीही विसरत नाही, तेव्हा जपही करत नाही.

न्यायची वस्तू वाटेत

जी वस्तू न्यायची ती लक्षात ठेवायचीच नाही, तिला अडखळल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही अशी ठेवायची. परत द्यायचं पुस्तक बुटांवर. पिशवी दाराच्या कडीला. फ्रिजमधलं औषध न्यायचं असेल तर गाडीची किल्ली त्या औषधाशेजारी, फ्रिजमध्येच. किल्ली थंडगार लागते, पण औषध राहत नाही.

बहुतेक एटीएम यंत्रं आधी कार्ड परत देतात आणि मग पैसे, त्यामागे हाच विचार आहे. माणूस आलेला असतो पैशांसाठी. पैसे हातात पडले की काम झालं असं वाटून तो चालू पडतो आणि कार्ड मागे राहतं. म्हणून कार्ड काढल्याशिवाय पैसेच नाहीत असा क्रम लावला. घरात हा क्रम कुठे लावता येईल हे शोधण्यात माझे काही महिने आनंदात गेले. फॉर्मची झेरॉक्स काढायची असेल तर मूळ कागद यंत्राच्या काचेवर राहतो हे सगळ्यांनाच ठाऊक. मी आता कागद काचेवर ठेवला की त्याची फाइल उघडी करून यंत्राच्या झाकणावर ठेवते. प्रत घेऊन निघायचं तर फाइल उचलावी लागते आणि ती रिकामी दिसते.

वस्तू वाटेत ठेवता येण्यासारखी नसेल, म्हणजे फोन करायचा असेल किंवा निरोप द्यायचा असेल, तर काहीतरी विचित्र ठेवायचं. टेबलावर उलटा पेला. कीबोर्डवर मोजा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉफीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना दोन दिवसांनी वापरायचं कूपन दिलं होतं. त्यातल्या काहींना आधीच सांगून ठेवलं, की त्या दिवशी गल्ल्याजवळ परग्रहवासीयाचं एक खेळणं बसवलेलं असेल, ते बघून कूपन आठवा. त्यांच्यातल्या २४ टक्क्यांनी कूपन वापरलं, बाकीच्यांतल्या १७ टक्क्यांनी. फरक डोंगराएवढा नाही, पण फुकटात मिळतोय.

चिकटचिठ्ठ्यांचं मात्र जमलं नाही. पहिल्या दिवशी चिठ्ठी ओरडते, दुसऱ्या दिवशी कुजबुजते आणि आठवड्याने ती भिंतीचाच भाग झालेली असते. उलटा पेला जागेवर परत ठेवावाच लागतो, त्यामुळे तो शिळा होत नाही. चिठ्ठीला कुणी हात लावत नाही.

बुटाची लेस

हे मी कुणालाही पकडून सांगते, त्यामुळे थोडं सविस्तर. लेस बांधून झाली की वरून बघा. दोन्ही कान (गाठीचे फासे) बुटाला आडवे, एक डावीकडे एक उजवीकडे असे पडले असतील तर गाठ नीट आहे. एक कान बोटांकडे आणि दुसरा घोट्याकडे असे उभे झाले असतील तर तुम्ही ग्रॅनी नॉट, म्हणजे उलटी बसलेली कच्ची गाठ, बांधताय आणि ती सुटणार. दुरुस्ती एकाच जागी करायची. पहिली साधी अढी मारताना डावं टोक उजव्यावर नेत असाल तर आता उजवं डाव्यावर न्या. पुढचं कान करणं, गुंडाळणं, ओढणं सगळं नेहमीसारखंच. एवढ्याने ती रीफ नॉटच्या, म्हणजे नीट बसणाऱ्या पक्क्या गाठीच्या जातीची होते.

लेस सुटते कशी हे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या तिघांनी २०१७ मध्ये ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धावताना वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो आणि गाठ ताणून सैल होते. पाय झुलतो तेव्हा मोकळी टोकं चाबकासारखी फटकारतात आणि लेस ओढून घेतात. दोन्ही मिळून काम करतात. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग दोन-चार पावलांत सगळी गाठ उकलते. नीट गाठही कायमची नसते, पण माझी आता सकाळची संध्याकाळपर्यंत पुरते.

नवीन अढी हातात बसायला वेळ लागला. वर्षानुवर्षांची सवय असलेले हात सुरुवातीला ऐकत नव्हते. तरी ही युक्ती सोडावी लागली नाही, कारण गाठ चुकली तर कान वाकडे उभे राहून तिथल्या तिथे दाखवून देतात.

दोन मिनिटांचं काम लगेच

दोन मिनिटांत होणारं काम पुढे ढकलू नका, लगेच उरका, हा नियम सगळीकडे सांगतात आणि माझ्या मते तो निम्मा वाईट आहे. टेबलाशी बसून एकाग्र काम चालू असताना पाळला तर दिवस दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत संपतो. एका निरोपाला उत्तर दिलं की त्याचं उत्तर येतं आणि पुन्हा तेच. घरात मात्र तो झकास चालतो. मी त्याला कात्री लावून एवढंच ठेवलंय: जी वस्तू आत्ता हातात आहे ती मधल्या कुठल्याही जागी टेकवायची नाही, थेट तिच्या ठिकाणी न्यायची. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग याच्यामुळेच गेला. निदान उंची तरी कमी झाली.

फोनचं थोडक्यात

स्क्रीन काळी-पांढरी करणं: आठवडाभर. नकाशा बघायला रंग लागले, चालू केले, ते पुन्हा बंद झाले नाहीत. ॲपवर वेळेची मर्यादा: "आज राहू दे" असं बटण समोरच असतं, मग काय उपयोग. सूचना बंद करणं: उत्तम, एकदाच करायचं आणि विसरायचं. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणं: सगळ्यात चांगलं, पण त्यासाठी साधं गजराचं घड्याळ आणा, नाहीतर गजराच्या निमित्ताने तो उशाशी परत येतो.

किती दिवसांत अंगवळणी पडतं?

नवी सवय एकवीस दिवसांत लागते असं सांगतात, तो आकडा विसरा. तो १९६० च्या सुमारास एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून सुरू झाला. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान इतके दिवस लागतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्यातला "किमान" पुढे कुठेतरी गळला. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावायला सांगून १२ आठवडे नोंदी घेतल्या. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. अभ्यास चालला ८४ दिवस, तेव्हा २५४ हा आलेखावरून बांधलेला अंदाज आहे हेही लक्षात घ्या. मला त्यातलं सगळ्यात उपयोगी वाटलं ते वेगळंच: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. कॅलेंडरवर फुल्यांची अखंड साखळी करण्याचा प्रकार मी यानंतर बंद केला.

कामाला आलं ते "अमुक झालं की तमुक" असं ठरवणं. "व्यायाम करेन" याऐवजी "दात घासून ब्रश ठेवला की तिथेच पाठ ताणण्याचा व्यायाम". पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. २००६ मध्ये त्याने आणि पास्कल शीरनने ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात परिणाम मध्यम ते मोठा दिसला. माझ्या वापरात एक अट कळली. "अमुक" ही दिसणारी, ऐकू येणारी गोष्ट हवी. "संध्याकाळी मोकळी झाले की" ठरवलेलं काहीच झालं नाही, मोकळं झाल्याची घंटा वाजत नाही ना.

किरकोळ, पण ठेवलेल्या

काहीही खोलण्याआधी फोटो. निघालेले स्क्रू चिकटपट्टीने त्याच वस्तूच्या पाठीला. चार्जरच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची पट्टी, म्हणजे टेबलाखाली वाकून भलताच प्लग उपटला जात नाही. वाहनतळावर खांबाच्या क्रमांकाचा फोटो.

एक अडचण

वाटेत वस्तू ठेवण्याची युक्ती एकट्या माणसासाठी बिनधोक आहे. घरात आवरणारं दुसरं माणूस असलं की कडीची पिशवी कपाटात जाते आणि उलटा पेला सुलटा होतो, तेही चांगल्या हेतूने. "अगं, मीच आवरून ठेवलं!" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. शेवटी दाराजवळचं एक स्टूल वाटून घेतलं. त्याच्यावर जे असेल ते माझं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. बदल्यात रात्री स्टूल रिकामं करायचं काम माझं. दोन रात्री तिथेच राहिलेली वस्तू बेवारस समजून ज्याला हवं त्याने उचलावी, असं पोटकलमही आहे आणि त्यात माझी एक छत्री गेली.