माळा रिकामा केला त्याला अकरा महिने झाले: काय टिकलं, काय गेलं आणि कुठं हळहळलो

घर आवरल्याचं कौतुक लोक दुसऱ्याच दिवशी लिहून मोकळे होतात. तेव्हा घर चकचकीत असतं आणि माणूस हवेत असतो. मी मुद्दाम थांबलो. 2023 च्या दिवाळीआधी, नोव्हेंबरमध्ये, ट्रेकिंगचा, सायकलचा आणि आकाश बघायचा सगळा पसारा गच्चीवर काढला होता. त्यानंतर परभणीतला हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असे तिन्ही ऋतू गेले. आता बोलायला हरकत नाही.

आधी पसारा किती होता ते सांगतो. माळ्यावर, दिवाणाच्या पोटात आणि जिन्याखाली मिळून तीन सॅक, दोन तंबू, तीन स्लीपिंग बॅग, सात टॉर्च, गिर्यारोहणाचा दोर, गॅसची छोटी शेगडी, सायकलचे दोन कॅरिअर, एक परावर्ती दुर्बीण तिच्या स्टँडसकट, आणि पाण्याच्या बाटल्या किती ते मोजलंच नाही. रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणला आणि एकेक गाठोडं अडकवून वजन केलं. त्र्याऐंशी किलो. माझं स्वतःचं वजन एकाहत्तर आहे. बाबा पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "हे काय रं, बिऱ्हाड हलवायलास का?" मग टॉर्चचा ढीग दिसला. "सात टॉर्च कामून लागतात रं एका माणसाला?"

याचं उत्तर मला त्या दिवशी नव्हतं, आता आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला शनिवारी रात्री डोंगर आठवला तर रविवारी सकाळी तो डोंगरावर असतो. आम्हाला परभणीहून रात्रीच्या गाडीनं इगतपुरी, तिथून पायथ्याचं बारी गाव, मग कळसूबाई. एका चढाईला जाऊन-येऊन तीन दिवस आणि रजेचा अर्ज. मग डोंगर आठवला की आम्ही काय करतो, तर मोबाईल उघडतो. सह्याद्री साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर, पार्सल मात्र दारात. न गेलेल्या प्रत्येक ट्रेकची एकेक वस्तू माझ्या माळ्यावर होती.

पद्धत साधी ठेवली. प्रत्येक वस्तूला कागदी चिकटपट्टी लावली आणि शेवटची कधी वापरली ते वर्ष लिहिलं. 2017, 2019, 2018. बऱ्याच पट्ट्यांवर नुसती आडवी रेघ. मग तीन ढीग: ठेवायचं, द्यायचं, भंगार. दुपारपर्यंत चौथा ढीग आपोआप तयार झाला आणि तोच सगळ्यांत मोठा. त्याचं नाव 'बघू'. बायकोनं तो ढीग आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत भरला, कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडं ठेवली आणि वर तारीख लिहिली. सहा महिने उघडायची नाही, एवढीच अट.

आता एकेक.

बूट. 2016 मध्ये घेतलेले, चांगले महागाचे, घोट्यापर्यंतचे. मोजून चार वेळा घातलेले, कारण 'चांगल्या ट्रेकला' राखून ठेवले होते. ते अर्थातच ठेवायच्या ढिगात गेले. जानेवारीत, आवराआवरीनंतर पहिल्यांदाच, कळसूबाईला गेलो. बारीतून निघून पाऊण तास झाला असेल, पहिली लोखंडी शिडीसुद्धा आली नव्हती, तर उजव्या पायाखाली काहीतरी पिचकल्यासारखं वाटलं. वाकून बघितलं तर तळवा टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबत होता. आतला मऊ थर हाताला लागला की त्याचा भुगा होत होता, शिळ्या केकसारखा. सॅकची नाडी काढून बूट बांधला. वीस मिनिटांत डाव्यानंही तेच केलं. 1646 मीटरचं शिखर खालूनच बघून परत फिरलो.

परभणीत स्टेशनजवळच्या चांभारमामांना दाखवलं. त्यांनी हातात घेतले, अंगठ्यानं दाबले, भुगा झटकला. "साहेब, हे घालून नाही गेले, न घालून गेले." नंतर वाचलं तर त्यांचं निदान अक्षरशः खरं निघालं. तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू विघटित होतो, बूट कपाटात असला तरी. आमच्या माळ्यावर तर एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापून भट्टी होते आणि जूननंतर दमट. त्या बुटांनी सात वर्षं तिथं काढली, म्हणजे मीच त्यांना शिजवलं. आता साधे रबरी तळव्याचे, सह्याद्रीतली जुनी मंडळी वापरतात तसले ॲक्शनचे बूट आहेत. बाजारात भाजी आणायलाही तेच घालतो.

तंबूचंही दुखणं तेच. दोनपैकी मोठा उघडला तर आतल्या बाजूचं पाणीरोधक अस्तर चिकट झालं होतं. बोटाला लागत होतं, आणि वास आंबलेला. शिवणीवरच्या पट्ट्या सुटून लोंबत होत्या. तो भंगारात. छोटा ठेवला, वर्षभरात दोनदा वापरला. एकदा येलदरी धरणावर. दुसऱ्यांदा गच्चीवर, पोराच्या हट्टापायी. दुसरी वेळ जास्त चांगली झाली.

स्लीपिंग बॅगांत एक उणे पाच अंशांची होती. मराठवाड्यात आमच्या परभणीची थंडी नावाजलेली आहे, पण उणे पाच? ती हिमालयात जाणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला दिली. एक ठेवली, आणि ती आता पिशवीत कोंबून न ठेवता उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल ठेवतो. दाबून ठेवली की आतला भराव चपटा होतो आणि मग ऊब धरत नाही, हे मला घेताना कोणी सांगितलं नव्हतं. तिसरी गेली. तिच्या जागी आजीची वाकळ आहे. वजनाला तिप्पट, पण गाडीनं जायचं असेल तर तिला तोड नाही.

टॉर्च हा या सगळ्या अनुभवातला सगळ्यांत उपयोगी धडा. सातपैकी पाच बंद होते. तिघांच्या पोटात सेल फुटून पांढरं-निळसर साकळलं होतं. अल्कलाइन सेलमधून जे बाहेर येतं ते आम्लाच्या उलट, अल्क असतं. म्हणून हातमोजे घालून कापसाच्या बोळ्यानं लिंबाचा रस लावला, फसफसलं, पुसलं, वाळवलं. दोन जिवंत झाले. पाचही वाटून किंवा टाकून मोकळा झालो आणि दोनच ठेवले. एक डोक्याला बांधायचा, एक हातातला. दोन्ही फ्रीजच्या बाजूच्या खिळ्याला, सेल बाहेर काढून, रबर लावून. 2024 मध्ये 1 आणि 2 सप्टेंबरला इकडं अतिवृष्टी झाली ती आठवत असेल. आमच्या गल्लीत रात्रभर लाईट नव्हती, पाणी ओट्याच्या पायरीला लागलं होतं. अंधारात हात खिळ्याकडं गेला आणि अर्ध्या मिनिटात उजेड झाला. आदल्या वर्षी साध्या लोडशेडिंगला सात टॉर्च असलेल्या याच घरात मेणबत्ती शोधत होतो.

शेगडी विकायला काढली तेव्हा कळलं की तिच्या गॅसचा डबा ना कुरिअरनं पाठवता येतो ना रेल्वेत नेता येतो. भरलेला डबा भंगारातही देऊ नये. मग तो गच्चीवर चहा करून संपवला. 230 ग्रॅममध्ये दोन-दोन कपांचा चहा सतरा वेळा झाला. बाबांना हे फार आवडलं. सतराव्या दिवशी म्हणाले, "आता कुठं त्याचे पैसे वसूल झाले बघ."

दोराची गोष्ट थोडी लाजिरवाणी आहे. एका शिबिरानंतर उत्साहात घेतलेला चाळीस मीटरचा दोर, पट्टीवर 2012. अशा दोराचं आयुष्य न वापरताही फार तर दहा वर्षं धरतात, कारण नायलॉन आपलं आपण जुनं होत जातं. बाहेरून तो नवा दिसत होता, एक जण घ्यायलाही तयार होता. नाही दिला. दुसऱ्याचा जीव त्यावर लटकणार असेल तर स्वस्तात विकणं म्हणजे पाप. ज्याला कुणाला जुना दोर किंवा हार्नेस, म्हणजे चढताना कमरेला बांधायचा पट्टा, काढायचा असेल त्यानं आधी त्याचे तुकडे करावेत, म्हणजे कुणाला मोहच होणार नाही. मी तुकडे करून गावाकडं दिले, जनावरांना दावं म्हणून. आठवड्यानं चुलत्यांचा फोन. चढाईचा दोर पडणाऱ्याला झटका बसू नये म्हणून ताणला जाईल असाच बनवलेला असतो. गोऱ्ह्यानं जोर लावला की दावं चार बोटं लांब व्हायचं आणि तेवढ्यात तो शेजारच्या गव्हाणीत तोंड घालायचा. आता त्यावर कपडे वाळतात.

दुर्बीण देताना सगळ्यांत जड गेलं. 130 मिलिमीटर आरशाची. 21 डिसेंबर 2020 ला गुरू आणि शनी जवळजवळ चिकटून दिसणार होते, त्यासाठी महिनाभर आधी घेतली होती. त्या संध्याकाळी दोन्ही ग्रह एकाच वेळी नजरेच्या गोलात दिसले, शनीच्या कड्यासकट. गल्लीतली पोरं, त्यांच्या आया, शेवटी समोरचा किराणावालाही येऊन बघून गेला. पण त्यानंतर तीन वर्षांत ती अकरा वेळा बाहेर निघाली. स्टँडसकट जिन्यातून वर न्यायची, आरसे जुळवायचे, तोवर ढग. एका शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना दिली. बदल्यात एकच मागितलं: वर्षातून दोनदा तरी पोरांना दाखवा. त्यांनी आतापर्यंत पाचदा दाखवली.

तरी ऑक्टोबर 2024 मध्ये चुकचुकलो. त्सुचिन्शान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसायला लागला आणि माझ्याकडं दुर्बीण नाही! दोन दिवस ढगांनी खाल्ले. तिसऱ्या दिवशी पोराला घेऊन वसमत रोडला शेतांकडं गेलो. गळ्यात पक्षी बघायची 8 बाय 42 ची दुर्बीण, तीच एक राहिलेली. क्षितिजावरच्या लालीच्या वर पुसट रेघ, आणि दुर्बिणीतून तिची पूर्ण शेपटी. मोठ्या दुर्बिणीत एवढं आकाश एकदम मावलंच नसतं, डोकं दिसलं असतं आणि शेपटी कापली गेली असती. पोरगं म्हणालं, "बाबा, झाडू!"

खरी चूक झाली ती ताडपत्रीबाबत. बारा बाय पंधराची, दोन कोपऱ्यांना ठिगळं. 'ही कशाला' म्हणून पहिल्याच दिवशी दिली. ऑक्टोबरात गावाकडं सोयाबीनची सुडी लावलेली आणि परतीचा पाऊस. चुलते विचारतात, "तुझी ताडपत्री कुठाय?" त्याच दिवशी मोंढ्यातून नवी घेतली, जुनीपेक्षा पातळ. तेव्हा शेती असलेल्या घरात ताडपत्री, सुतळी आणि पोती या तीन गोष्टींना हात लावू नये. त्या छंदाच्या ढिगात चुकून आलेल्या असतात.

विक्रीचं थोडक्यात. जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर फोटो टाकले. 'लास्ट किती?' एवढंच विचारून गायब होणारे भरपूर, आणि एकानं आगाऊ पैशाच्या नावाखाली कसलासा कोड स्कॅन करायला पाठवला, तो लगेच ब्लॉक केला. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. शहाण्णव हजारांच्या आसपास घातलेले, परत आले एकवीस हजार चारशे. साठ लिटरची सॅक गंगाखेडच्या एका माऊलींनी घेतली, आषाढी वारीसाठी. दिंडीचं सामान ट्रकमध्ये असतं, पावसात भिजतं, म्हणून त्यांना वरचं प्लास्टिकचं कव्हर हवं होतं. सॅकपेक्षा त्या कव्हराचीच त्यांनी जास्त चौकशी केली.

वस्तू कमी झाल्यावर जाणं वाढलं का? वाढलं, पण डोंगरावर नाही. येलदरीच्या पाण्यावर हिवाळ्यात चार फेऱ्या, जिंतूरजवळ नेमगिरीच्या लेण्या, चारठाण्याचा मानस्तंभ आणि तिथली देवळं. बहुतेक सगळं सकाळी निघून संध्याकाळी घरी. एक छोटी सॅक, दुर्बीण, पाणी, भाकरी आणि ठेचा. हे सगळं आधीही इथंच होतं, पण त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही म्हणून बहुतेक मला ते 'ट्रेक' वाटत नव्हतं.

मी सुधारलोय असं मात्र समजू नका. जुलैत सेलमध्ये घडीची खुर्ची घेतली. पक्षी बघायला बसायला, असं घरी सांगितलं. बायकोनं दोन्ही बाजूंनी बघितली आणि विचारलं, "मग आता काय जाणार बाहेर?" एक आत आली की एक बाहेर, असा आमचा ठराव आहे. त्यात सायकलचं दुसरं कॅरिअर गेलं.

राहिली 'बघू'ची पेटी. मेमध्ये सहा महिने पूर्ण झाले. उघडायच्या आधी बायकोनं कागद दिला आणि आत काय काय आहे ते आठवून लिहायला सांगितलं. तेवीस वस्तूंपैकी नऊ आठवल्या. न आठवलेल्या चौदा तिनं मला बघूही न देता पोत्यात भरल्या आणि त्याच दिवशी घराबाहेर काढल्या. नवापैकीही सहा मी स्वतः दिल्या.

पेटी मात्र अजून जिन्याखाली तशीच आहे, रिकामी. जड आहे, गंजली आहे, पण आजोबांची म्हणून भंगारात देववत नाही. गंगाखेडच्या माऊलींना विचारलं, दिंडीच्या ट्रकात भांड्यांना चालेल का म्हणून. ते 'बघू' म्हणालेत.