हनफी की शाफई: अभ्यास कुठून सुरू करावा?

कायद्याचे विद्यार्थी मला वरचेवर विचारतात: इस्लामी कायद्याचा इतिहास मुळापासून वाचायचा आहे, चार सुन्नी मजहबांपैकी, म्हणजे कायद्याच्या परंपरांपैकी, आधी कोणता घेऊ? शिया फिकह, म्हणजे शियांचं कायदेशास्त्र, हा वेगळाच अभ्यास आहे. मालिकी आणि हंबलीही सध्या थांबू शकतील. आपल्याकडच्या वाचकापुढे खरी निवड हनफी की शाफई, एवढीच.

मला हा फरक आधी ताटात कळला, ग्रंथ नंतर आले. रत्नागिरीकडच्या एका मित्राच्या घरी कुर्ल्यांचं कालवण होतं. मराठवाड्यातून आलेल्या त्यांच्या व्याह्यांनी सुरमईची तुकडी तेवढी घेतली. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांना समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. देशावरचे बहुतेक हनफी, त्यांना पाण्यातला फक्त मासा. कोळंबी मासा आहे की नाही यावर मात्र हनफी उलेमांतच दोन मतं आहेत, आणि त्या दिवशी जेवण संपेपर्यंत तीही ऐकून झाली.

हा भेद आला कुठून? वाटांतून. हनफी मजहबाचे प्रणेते अबू हनीफा इराकमधल्या कूफ्याचे, धंद्याने कापडाचे व्यापारी. ते 767 साली वारले आणि त्याच साली गझ्झाला शाफई मजहबाचे प्रणेते इमाम शाफई जन्मले. अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ हारून अल-रशीदचे मुख्य काजी झाले, दुसरे शिष्य शैबानी यांनी मतं लिहून काढली. म्हणजे या मजहबाला दरबार लवकर मिळाला. पुढे मध्य आशिया, तुर्क, मुघल अशी त्याची वाट खुष्कीची. फरगाण्याच्या मरगीनानींचा 'हिदाया' हा कायद्याचा ग्रंथ बाराव्या शतकातला, आणि औरंगजेबाने उलेमांकडून संकलित करून घेतलेला 'फतावा-ए-आलमगिरी' याच परंपरेतला. शाफई फिकह मात्र आपल्याकडे जहाजातून आली. येमेन, हद्रमौत, पूर्व आफ्रिका, कोकण, मलबार, थेट इंडोनेशियापर्यंत. माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431) शाफईच होते.

विचारपद्धतीतला फरक मला एका जोड्याच्या ऑर्डरमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतो. चांभाराला माप दिलं, थोडी उचल दिली, जोडा आठवड्याने मिळणार. कियास, म्हणजे आधीच्या नियमावरून केलेलं अनुमान, काटेकोर लावलं तर अस्तित्वात नसलेली वस्तू विकता येत नाही. हनफी म्हणतात, लोक पिढ्यान्‌पिढ्या असाच व्यवहार करतात, तेव्हा कियास बाजूला ठेवून तो मान्य करा. याला इस्तेहसान म्हणतात. इमाम शाफईंना हे मंजूर नव्हतं. कायदा कुणाच्या पसंतीवर जाऊ नये, ही त्यांची तक्रार. मालिकी मजहबाचे प्रणेते मालिक यांच्याकडे मदिनेत आणि शैबानींकडे बगदादमध्ये शिकून त्यांनी 'रिसाला' या आपल्या ग्रंथात पुराव्यांची उतरंड मांडली: कुराण, सुन्ना (पैगंबरांचा आचार), इज्मा (एकमत), कियास. त्यामुळे शाफई पद्धतीत तोच जोडा आगाऊ खरेदीच्या करारात बसवावा लागतो, तपशील ठरवून आणि पूर्ण पैसे आधी मोजून.

मला शाफई बांधणी जास्त सुबक वाटते. बाजारात मात्र हनफी जास्त उपयोगी, हेही मान्य करावं लागतं.

लग्नात हा भेद जास्त बोचतो. शाफई मतात मुलीच्या निकाहाला वली, म्हणजे बापासारखा पालक, लागतोच. हनफी मतात सज्ञान स्त्री स्वतः निकाह करू शकते. 1864 मध्ये मुंबई हायकोर्टापुढे असंच प्रकरण आलं. वयात आलेली शाफई मुलगी हनफी मत स्वीकारून बापाच्या संमतीशिवाय निकाह करू शकते, असं कोर्टाने मानलं. मजहब बदलणं म्हणजे धर्म बदलणं नव्हे, हे यातून दिसतं. उलटही घडतं: नवरा बेपत्ता झालेल्या बायकांची हनफी नियमांत कोंडी होत होती. 1939 च्या विवाहविच्छेद कायद्याने चार वर्षं पत्ता नसल्यास घटस्फोटाची सोय दिली, ती मालिकी मताच्या आधाराने.

वाचायला घेताना एक गंमत ध्यानात ठेवा. 'हिदाया'चं 1791 चं इंग्रजी भाषांतर मूळ अरबीवरून नाही, फारसीवरून आहे. शाफई मजहबातल्या 'मिन्हाज' या ग्रंथाचं 1914 चं इंग्रजी भाषांतर बटाव्हियातल्या (आजचं जकार्ता) फ्रेंच भाषांतरावरून झालं. दोन्हींवर ब्रिटिश अमलाखालची न्यायालयं चालली. अरबी येत नसेल तर दोन्हीकडे हात राखूनच विश्वास ठेवा.

आता निवड. वकिली करायची असेल, जुने निकाल वाचायचे असतील, तर हनफी घ्या. भारतीय कोर्टांत वेगळा पुरावा नसेल तर सुन्नी पक्षकार हनफी धरला जातो. कायद्याचे स्रोत कसे ठरले हे समजून घ्यायचं असेल तर 'रिसाला'पासून सुरुवात करा. बारीक आहे, पण महिन्याभरात होते. आणि विषय कोकणचा किंवा हिंदी महासागराचा असेल, तर शाफईला पर्याय नाही. तिथल्या दप्तरांत हनफी चष्मा लावून शिरलात तर निकाहनाम्यातला वली केवळ साक्षीदार वाटेल, आणि अर्धं प्रकरण हातातून जाईल.